जतमध्ये प्यालेला कोको

पुण्याहून सकाळच्या गाडीने आम्ही लोणंदला उतरलो आणि तिथून म्हसवडमार्गे जतकडे निघालो. पावसाळ्यात माझ्या हृदयाचे ठोके बिघडले होते. दवाखान्यातून घरी आले तेव्हा डॉक्टरांनी कॉफी बंद केली. माझ्यासाठी माझ्या नवऱ्याने, माधवनेही ती सोडली. चहा आम्हा दोघांनाही आवडत नाही, त्यामुळे सकाळी सोबत बसायचं निमित्तच गेलं. तो फिरायला निघून जाई, मी पेपर चाळत बसे. आजारपणाचा विषय तर तो काढतच नव्हता.

अशात त्याचा पलटणीतला जुना मित्र बिराप्पा याच्या बायकोचा, मल्लव्वाचा फोन आला. लेकीच्या सासरी, कर्नाटकात पुत्तूरकडे, सुपारीच्या बागेत कोको होतो. तिकडून बिया आल्या आहेत, कॉफीसारखं करून पाजते, या म्हणाली. डॉक्टरांना विचारलं. लहान कपभर चालेल म्हणाले.

म्हसवडला बसचं चाक पंक्चर झालं. तेवढ्यात सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि एका खानावळीत भाकरी, खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) आणि मटकीची उसळ खाल्ली. शेजारी बसलेल्या बाईंनी माझं औषधाचं पाकीट पाहून विचारलं, काय होतंय. मी सांगितलं. त्यांनी आपला पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

पुढे माण तालुका मागे पडला, आटपाडी गेली. दोन्ही बाजूंना कोरडवाहू ज्वारी, मध्येच बाभळी. जतला पोचलो तेव्हा बिराप्पांची मेंढरं वाड्यात (मेंढरांच्या कुंपणात) शिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लव्वाने चुलीवर तवा ठेवून बिया भाजल्या. थोड्याच वेळात चॉकलेटसारखा, पण जरा आंबूस वास सुटला. टरफलं हाताने चोळून, सुपाने पाखडून तिने बिया खलबत्त्यात भरड कुटल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या आणि वर झाकण ठेवलं. मी सवयीने दूध मागितलं. "आधी तसंच कुडीरी (प्या)," ती म्हणाली.

फडक्याने गाळलेल्या त्या तांबूस पाण्यावर तुपासारखा पातळ तवंग होता. पहिला घोट कडू लागला. दुसऱ्या घोटाला भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीची आठवण झाली. तिसऱ्याला मी गुळाचा खडा मागून घेतला. कॉफी नव्हती ती. पण कपाला दोन्ही हात लावून बसता येत होतं.

बोलता बोलता बिराप्पा मला म्हणाले, "वहिनी, तुमी दवाखान्यात हुता तवा ह्यो रोज मला फोन लावायचा आन् नुसता गप बसायचा. मी बी फोन ठेवायचो न्हाई."

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी माधवकडे पाहिलं. तो कपात बघत राहिला.

"बोललो असतो तर रडलो असतो," तो म्हणाला. "तू जाशील असं वाटत होतं मला. अजूनही सकाळी जाग आली की आधी तुझा श्वास ऐकतो. मग घरात बसवत नाही."

मल्लव्वाने आमच्या दोघांच्या कपांत उरलेलं ओतलं. मेंढरं रानात गेली, ऊन ओसरीवर आलं, तरी आम्ही तिथेच होतो. दवाखान्यातल्या त्या दिवसांविषयी आम्ही पहिल्यांदाच बोललो.

निघताना तिने पिशवीभर बिया दिल्या. मी तिचे हात धरले, पण नीट आभार मानता आले नाहीत. परतीच्या वाटेवर माधव माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता आणि मला त्या घराविषयी, बिराप्पांनी न ठेवलेल्या त्या फोनविषयी फार कृतज्ञ वाटत होतं.

आता पुण्यात बिया माधव भाजतो. कधी कच्च्या राहतात, कधी करपतात. याला कॉफीची सर नाही, हे आम्ही दोघंही कबूल करतो. पण कप रिकामे झाले तरी लगेच कोणी उठत नाही.