फुजैरा, मोझेस आणि एक फोन

फुजैराला लोक समुद्रासाठी जातात. आम्ही शनिवारी गेलो ते हॉस्पिटलात, मोझेसचं त्याच्या आईशी बोलणं करून द्यायला.

मोझेस म्हणजे आमच्याकडे कामाला असलेल्या ग्रेसचा गाववाला, तिकडच्या एका गोदामावर वॉचमन. दोघं उत्तर युगांडातली, मा'दी बोलणारी. पहिल्यांदा तो शब्द ऐकून मी चक्क फिस्सकन हसले होते. मधला 'द' श्वास आत ओढून म्हणायचा, हे ग्रेसने शिकवलं. मला अजून जमत नाही. महिन्यापूर्वी मोझेसला पॅरालिसिसचा झटका आला. तेव्हापासून त्याची आई ग्रेसच्या मागे लागली होती, एकदा तरी त्याचा आवाज ऐकव म्हणून.

जाणाऱ्यांसाठी: शारजातल्या अल मजाजहून, म्हणजे आमच्या घरापासून, धैदमार्गे दोन तास धरा. मसाफीचं फ्रायडे मार्केट नावालाच शुक्रवारचं, भरतं रोज. भाजलेलं कणीस पाच दिरहम, म्हणजे सव्वाशे रुपये! पुढे नुसते काळे डोंगर. ग्रेसने तिचं कणीस मोझेससाठी कागदात गुंडाळून ठेवलं. त्याला नळीने भरवतात हे तिला ठाऊक नव्हतं.

वॉर्डातली नर्स मल्याळी. "अरबी ट्राय किया, स्वाहिलीवाला भी बुलाया. इसका किसी को समझता नहीं, खलास."

ग्रेस वाकली. मोझेस भराभर बोलू लागला, पण सगळं एकाच पट्टीत. दोनदा ऐकून ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, आमच्यात सूर वर गेला की एक अर्थ, खाली आला की दुसरा. याचा सूरच गेलाय. कुठला शब्द म्हणतोय, कळत नाही."

तरी तिने फोन लावला, स्पीकरवर. मोझेस बोलला. पलीकडून आई चिडून काहीतरी म्हणाली. ग्रेसने घाईने फोन बंद केला. मोझेसच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला सगळं समजत होतं.

काय म्हणाली, ते गाडीत विचारलं.

"म्हणाली, हा कोण बोलतोय? माझ्या मुलाला द्या."

मला त्या बाईचा रागच आला. मग वाटलं, तिची तरी काय चूक? समुद्र पाहायचा राहूनच गेला.

घरी आल्यावर ग्रेसने मोझेसच्या आईला कळवलं, बोलत होता तो मोझेसच, लाईन खराब होती. मीच तसं सुचवलं होतं. आता आई रोज ग्रेसला फोन करते. काल भांडी घासताना ग्रेस म्हणाली, "मॅडम, ती विचारतेय, लाईन नीट झाली का?"