भेट आणू नका

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी ठाण्याला कचेरीत होतो. अण्णा माझे थोरले काका, मोखाड्याच्या शाळेतले मास्तर. हट्टी, फटकळ... आणि शेवटची काही वर्षं आतून पार खचलेले. कारण मला ठाऊक होतं.

इकडचं संस्थान भारतात विलीन झालं तेव्हा गावभर पेढे वाटणारा हा माणूस. पहिल्या निवडणुकीनंतर आमचे खासदार मोखाड्याला यायचे ठरले, तेव्हा अण्णा मला घेऊन डोंगरातल्या वांगणी-वावरच्या पाड्यांपर्यंत पायी फिरले. "हा राजा नव्हे, तुमचा माणूस. दिल्लीत तुमच्या वतीनं बोलणार. हवं ते सांगा, पण भेट आणू नका. नागली घेऊन येईल त्याला दारातून परत पाठवीन." वांगणीचा देवजी म्हणाला, "रित्या हातानं मोठ्या मानसापुढं कसं उभं रावं, गुरुजी?" अण्णा हसले. मीही हसलो, ते हसू अजून टोचतं.

खासदार शाळेच्या ओसरीवर बसले. पेठेतले व्यापारी मोटारीचं बोलले, साखरेचं बोलले. डोंगरातून कुणीच आलं नाही. अण्णा सारखे रस्त्याकडे बघत होते. निघताना खासदारांनी विचारलं, "वांगणीकडची काही तक्रार नाही ना? मग बरं." त्यांचं तरी काय चुकलं... कानावर पडेल तेच ते दिल्लीत मांडणार.

वांगणीला ओढ्यावर साकव हवा होता. पुढच्या पावसाळ्यात देवजीची बायको बाळंतपणात अडली, ओढ्याला पूर... डोली अलीकडे आलीच नाही. ती गेली. अण्णा भेटायला गेले तर देवजीच म्हणाला, "रिता येववंना, आन् भेट घेऊन तुमचा शब्द मोडून कसा येनार होतो, गुरुजी?" तो रागावला असता तर परवडलं असतं. "त्यांच्या तोंडाला मीच कुलूप घातलं रे," अण्णा वाटेत म्हणाले. पुढे कुणी काकडी आणो, मूठभर नागली आणो, ते दोन्ही हातांनी घेत, दाराशी टांगलेल्या टोपलीत ठेवत आणि म्हणत, "हं, बोल आता." ऐकलेलं सगळं खासदारांना कळवत. साकव अजून व्हायचाच आहे.

तेराव्याला देवजी आला. दाराबाहेरच थांबला, हातात नव्या नागलीची पुरचुंडी. "गुरुजी नाहीत... आता हे कोनाला देऊ?" घरातले माझ्याकडे बघू लागले. दुसऱ्या दिवशी मला ठाण्याला परतायचं होतं. घेतली की ऐकावं लागणार, हे मला माहीत होतं, आणि त्यालाही. मी दोन्ही हातांनी पुरचुंडी घेतली, टोपलीत ठेवली. तो तरी हलेना. कशाची वाट बघतोय ते कळायला मला जरा वेळ लागला.

"बोला, देवजीभाऊ," मी म्हणालो.