धोंडूच्या पायाची दोरी

माझ्या जिभेमुळे एक माणूस लंगडा झाला, आणि तो जिवानिशी गेला नाही ही देवाची कृपा. हे मी भर बाजारात उभा राहून एकदा सांगितलं आहे, पण तोंडाने सांगताना माझा स्वतःवर भरवसा नसतो. दोन वाक्यं जमिनीवर चालतात आणि तिसऱ्याला पंख फुटतात. म्हणून आता लिहून काढतो आहे. कागदावर निदान खोडता येतं, आणि मी पुष्कळ खोडलं आहे.

तेव्हा मी महाडला मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि आठवड्यातून एकदा मोटारीने पोलादपूरच्या बाजारात जाऊन सुवार्ता सांगत असे. बाजारात सुवार्तेसाठी कोणी थांबत नाही. माणसं डोंगरावरून मीठ, मिरची आणि सुकी मासळी न्यायला आलेली असतात, त्यांना पाऊस यायच्या आत घर गाठायचं असतं. पण मी गोष्ट सांगायला लागलो की ती थांबत. एकदा एक मासळीवाली तराजू हातात उचलून पाव तास तशीच उभी राहिली होती आणि तिचं गिऱ्हाईकही हूं की चूं करत नव्हतं. पाव तास नसेल, पण उभी होती. हे माझ्या डोक्यात गेलं. मला वाटे, माणसं प्रभूकडे वळताहेत. ती माझ्याकडे वळत होती, एवढाच फरक होता, आणि तो मला दिसत नव्हता.

त्या गोष्टींत सगळ्यांत चालणारी गोष्ट माझ्या सापाची. शाळेमागचं गवत कापताना मला काहीतरी चावलं होतं. साप मी पाहिलाही नव्हता. दिवसभर पोटरीला खाज आली, बायकोने हळद लावली आणि संपलं. पहिल्या बाजारी मी सांगितलं की साप चावला, प्रार्थना केली, बरा झालो. दुसऱ्या बाजारी त्या सापाचं जहरी फुरसं झालं. पुढे फुरशाची लांबी वाढत वाढत दोन हात झाली, आणि मग त्यात दोरी आली. मी सांगू लागलो की पायाला सुंभाची दोरी आवळून बांधली, तीन दिवस प्रार्थना चालली, पाय काळा पडला तरी मी दोरीला हात लावू दिला नाही. कारण माणसाच्या हाताने दोरी सोडली की विष थेट काळजात जातं. तिसऱ्या दिवशी गाठ आपली आपण सुटली आणि मी चालत मिशनच्या देवळात गेलो. दोरीपाशी आलो की लोक श्वास रोखून धरत. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "मास्तर, ही दोरीची हकिकत आम्हांला कशी ठाऊक नाही?" मी म्हटलं, "तुम्ही तेव्हा पुण्यास होता." ते खरोखरच पुण्यास होते, त्यामुळे मला ते खोटं वाटलं नाही.

श्रावणातला बाजार होता. कशेडीच्या घाटात दरड कोसळलेली, पलीकडे जाणाऱ्या मोटारी पोलादपुरातच अडकून पडल्या होत्या. मला वाटलं, आज श्रोते भरपूर. मी गोष्टीची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात चिखलाने मांडीपर्यंत माखलेला एक माणूस धावत आला आणि माझ्या पाया पडू लागला. घाटाखालच्या एका वाडीतला सखाराम. त्याचा भाऊ धोंडू पहाटे बांधावर गेला असताना त्याला साप चावला होता.

"मास्तर, तुमी सांगितलेलं तसंच केलंव," तो म्हणाला. "सुंभ आवळून बांधलाय. कोणाला हात लावू दिला नाय. आता तुमी चला नि प्रार्थना करा."

नेहमीप्रमाणे असतं तर त्यांनी भगताला बोलावलं असतं. या वेळी मला बोलावलं होतं.

बाजूच्या चहाच्या दुकानात अडकलेल्या उतारूंपैकी एक गृहस्थ बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि सखारामाला विचारलं, "दोरी कधी बांधली?"

"दिवस उगवताना."

त्यांनी घड्याळ पाहिलं, बाकाखालून चामड्याची पेटी ओढली आणि उठले. ते डॉक्टर होते, दक्षिणेकडे कुठेतरी निघाले होते. मी त्या घटकेला काय केलं ते लिहायला हात कचरतो. मी त्यांना परतवायला बघितलं. डॉक्टर आले की माझी दोरी उघडी पडणार, एवढंच मला सुचलं. मी म्हटलं, "वाट फार वाईट आहे, साहेब. ओढ्याला गळाभर पाणी आहे आणि जळवा अशा की बैल रिकामा करतील."

"मग तुम्ही कसे जाणार?"

"मला सवय आहे."

"चला, मलाही होईल," ते म्हणाले आणि धोतर खोचून सखारामामागे चालू लागले.

ओढ्याला गुडघाभर पाणी निघालं. ते माझ्याकडे एकदा बघून पुढे चालू लागले.

धोंडू ओटीवर घोंगडीवर पडला होता. तोंडाने "पाय जळतोय" एवढंच म्हणत होता. गुडघ्याखाली सुंभ मांसात रुतला होता आणि त्याच्या खालचा पाय पिकल्या जांभळासारखा झाला होता. मी हे मुळीच वाढवून लिहीत नाही. त्याची बायको गंगू गाठीवर तळवा ठेवून बसली होती. डॉक्टरांनी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "हात नाय लावायचा. मास्तर, तुमी बसा."

मी बसलो. मला एक वाट दिसली आणि मी ती धरली. डोळे मिटून घाईघाईने प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि सांगितलं, "झालं, बाई. आता दोरी सोडू या."

गंगूने मान हलवली. "तुमची तीन दिवसांनी सुटली ना? मग ह्यांची एवढ्यात कशी? आणि माणसाच्या हातानं सोडली तर विष काळजात जातं, तुमीच म्हणालात. मी दोन बाजारी ऐकलंय, मास्तर. शब्द नि शब्द."

"मला आत्ता खूण मिळाली," मी म्हणालो.

"गाठ सुटेल तवा मला बी मिळेल," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्या कानाशी हलकेच म्हणाले, "आणखी तासभर असंच राहिलं तर पाय कापावा लागेल. तोही जीव वाचला तर." वाडीतली वीस-पंचवीस माणसं अंगणात माझ्या तोंडाकडे बघत होती. असे श्रोते मला कधी मिळाले नव्हते. मी मनात म्हटलं, प्रभू, माझ्याजवळ दुसरं काही नाही, आता तूच मला बोलतं कर.

"गंगूबाय," मी म्हणालो, "ते खोटं होतं. मला फुरसं चावलं नाही. दोरी कोणी बांधली नाही, तीन दिवस नाहीत, काही नाही. लोकांनी ऐकावं म्हणून मी रचलं."

गंगू माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आता भ्यालात म्हणून म्हणताय. हे मेले तर नाव तुमच्यावर यायला नको म्हणून."

तिचंही बरोबर होतं. ज्या तोंडाने एक सांगितलं त्याच तोंडाने दुसरं सांगितलं तर माणसाने कोणतं धरावं? मी पायजमा गुडघ्याच्या वर ओढला. दोन्ही पाय तिच्यापुढे लांब केले आणि म्हटलं, "बघ. तीन दिवसांच्या दोरीचा वळ कुठे आहे ते बघ."

तिने एक हात गाठीवर तसाच ठेवून दुसऱ्या हाताने माझ्या दोन्ही पोटऱ्या चाचपल्या. कणीस किडलेलं आहे का बघावं तशा, सावकाश, वरून खाली. मग तिने गाठीवरचा हात काढला. डॉक्टरांना म्हणाली, "सोडा." आणि मला म्हणाली, "तुमी उठा हितून."

मी अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. डॉक्टरांनी दोरी एकदम न कापता थोडी थोडी ढिली केली. धोंडू इतका ओरडला की माझ्याने ऐकवलं नाही. पुष्कळ वेळाने डॉक्टर हात धुवायला माझ्याजवळ आले. म्हणाले, "बारीक दातांचे ओरखडे आहेत. विषारी साप नव्हता तो. तुम्ही बांधायला लावली नसती तर हा माणूस आत्ता शेतात असता." त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पाय वाचला. दोन बोटं मात्र गेली आणि चाल कायमची वाकडी झाली. त्या संध्याकाळी घाटातली माती हलवली गेली आणि डॉक्टर निघून गेले. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. दरड दुसऱ्या दिवशी कोसळली असती तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. देवाने ती माझ्यासाठी पाडली असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की पुढे काय होतं ते मला माहीत आहे. ज्या माणसाला मी वाटेवरून परतवत होतो तो परतला नाही, याबद्दल मात्र रोज उपकार मानतो.

पुढे धोंडू काठी घेऊन उभा राहू लागला तेव्हा मी बाजारात सगळ्यांपुढे खरं सांगायला उभा राहिलो. दोरी खोटी, फुरसं खोटं, मी खोटा. लोक खो खो हसले. मासळीवाली म्हणाली, "ही गोष्ट पैलीपेक्षा बरी हाय, मास्तर. आता पुढं सांगा." मी शपथ घेणार होतो, पण शपथेवर तरी कोण विश्वास ठेवणार? माझ्याजवळचे सगळे शब्द मीच वापरून टाकले होते.

तेव्हा काकड्यांच्या पाटीमागून गंगू उठली. माझ्याकडे न बघताच ती लोकांना म्हणाली, "खरं हाय ते. मी चाचपून बघितलंय. आणि माझ्या घरी येऊन बघा, दोन बोटं नायत." हसणं थांबलं. ती खाली बसली आणि काकड्या लावू लागली.

पुढे बोलायची पाळी माझी होती. सांगण्यासारखं पुष्कळ सुचतही होतं. पण प्रभूने ज्या तोंडातून साक्ष वदवायची ती वदवली होती, आणि ते तोंड माझं नव्हतं. मी डोक्यावरची टोपी काढली, मनातल्या मनात त्याचे आभार मानले आणि गप्प उभा राहिलो.