सोललेली कोळंबी

प्यो संचालकाची बोटं आठवली की मी अजून कोळंबीचं ताट बाजूला सारतो. पण गोष्ट त्याची नाही, योम मिसुकची आहे. मी तिला ताई म्हणतो.

कोरियात, पांग्योतल्या आमच्या गेम कंपनीत ताई गोष्टी लिहायची आणि मी, म्हणजे नाम, आवाज बसवायचो. ती मूळची गुनसान बंदरातली. तिथल्या बस स्टँडमागे तिच्या आईचं माशाच्या वड्यांच्या रश्श्याचं दुकान होतं. आई सांगायची, आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक जेवून निघून जातं, गोड बोलून जवळ सरकणाऱ्यापासून जप. ताई सत्तेचाळीस वर्षांची, टेबलाखाली चपला काढून बसणारी, आणि वीस वर्षं खलनायक लिहून पोट भरणारी बाई. खलनायकाची भीती वाटली नाही तर तिला स्वतःचीच लाज वाटायची.

त्या वर्षी नव्या गेममधल्या खलनायकाने, राखेच्या सम्राटाने, आमच्या नाकी नऊ आणले. तीन मजले उंच, डोक्यावर शिंगं, बुडाखाली कवट्यांचं सिंहासन. ही सगळी हौस प्योची. पहिल्या चाचणीत आठ खेळाडू चाळीस पातळ्या ओलांडून सम्राटापुढे पोचले आणि नाचायला लागले. सम्राट गरजतोय, तुमच्या हाडांचा भुगा करीन, आणि हे कंबर हलवतायत. एकाने तर आपलं पात्र खाली बसवून त्याला कलिंगड खायला लावलं. प्यो म्हणाला, "शिंगं मोठी करा." दुसऱ्या चाचणीत खेळाडू शिंगांवर चढून नाचले.

मग प्योने ताईला सगळ्यांदेखत, अगदी हळू आवाजात सांगितलं, "मिसुक, तिसऱ्यांदाही लोक हसले तर लेखकांची गरज काय? तुम्हा चौघांनाही काढावं लागेल. मलाच वाईट वाटतंय हं."

त्याच संध्याकाळी ऑफिसचं जेवण होतं. या जेवणाला नाही म्हणायची सोय नसते. मिठावर कोळंबी भाजत होती. प्यो नेहमी सगळ्यात नव्या मुलीला शेजारी बसवायचा. त्या वर्षी ती सेबिन होती, ताईच्याच टीममधली. तो एक कोळंबी सोलायचा, बोटं चाटायचा आणि त्याच ओल्या बोटांनी पुढची सोलायला घ्यायचा. सोललेली सेबिनच्या वाटीत ठेवायचा.

"खा गं. लेकीसारखी आहेस मला."

तिने खाल्ली. मग त्याने सोजू, आमच्याकडची दारू, ओतली. मोठ्यांसमोर प्यायचं तर दोन्ही हातांनी पेला घ्यायचा आणि तोंड बाजूला वळवायचं, ही आमची रीत. सेबिनने भिंतीकडे तोंड केलं. तेवढ्यात प्योचा हात तिच्या पाठीवरून खालपर्यंत फिरला. ती वळली तेव्हा तो पुन्हा कोळंबी सोलत होता. हे सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं आणि कोबी चिवडत बसलो. किळस त्याची आली, तेवढीच माझीही आली.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "नाम, कोळंबी सोलल्याचा आवाज करशील का रे? ओला हवा."

"ताई, शिसारी येते त्या आवाजाची."

"म्हणूनच मागतेय. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या खुर्चीत मी होते. मीही ती भिंतच बघितलीय."

दुसऱ्या दिवशी तिने सम्राटाची शिंगं काढली, सिंहासन काढलं आणि स्वच्छ कोटातला एक म्हातारा यजमान उरवला. तो आठही जणांना जेवायला बोलावतो. एकेकाला पेला भरून देतो. रीतीप्रमाणे पात्राचं तोंड आपोआप भिंतीकडे वळतं आणि खेळणाऱ्याला समोर फक्त भिंत दिसते. मागून सोलल्याचा आवाज येत राहतो. तोंड परत वळतं तेव्हा पहिल्या गावापासून सोबत चाललेल्या सोबत्यांपैकी एकाची खुर्ची रिकामी असते आणि आपल्या वाटीत कोळंबी असते. यजमान म्हणतो, "खा. लेकरासारखा आहेस मला." याहून जास्त तो काहीच करत नाही.

तिसऱ्या चाचणीत पहिल्या पेल्याला दोघं टेबलावर चढून नाचले. तिसऱ्या पेल्याला कुणी नाचत नव्हतं. एकाने हेडफोन काढून विचारलं, "मान वळवायची नसेल तर कुठलं बटण?" तसं बटण नव्हतं. ताई मागे उभी होती. तिने भिंतीला टेकून डोळे मिटले. चौघांची नोकरी वाचली होती.

प्योने टाळ्या वाजवल्या. त्याने स्वतःला ओळखलं नाही. असल्या माणसांना आरसा दाखवला तरी ती भांगच नीट करतात. "कुठे सुचलं गं हे तुला?"

"जेवताना," ताई म्हणाली.

गेम बाजारात आल्यावर पुन्हा जेवण, पुन्हा कोळंबी. प्योने सेबिनला शेजारी बसवलं, एक सोलली, बोटं चाटली, तिच्या वाटीत ठेवली. "खा गं. लेकीसारखी आहेस मला."

टेबलावरच्या सगळ्यांच्या जेवणाच्या काड्या थांबल्या. तो आवाज आणि ते वाक्य आम्ही सगळ्यांनी महिनोन्‌महिने ऐकलं होतं. प्योने सोजू ओतली. सेबिनने दोन्ही हातांनी पेला घेतला, पण तोंड वळवलं नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिने तो संपवला. रीत मोडली असं कुणीही म्हणालं नाही. प्योचा हात खुर्चीमागे अर्ध्यावर गेला होता, तो तिथेच राहिला. या वेळी मीही त्या हाताकडे उघड बघत होतो. तेव्हा त्याला कळलं, गेममधला तो यजमान कोण ते.

सकाळी त्याची चिठ्ठी आली. खलनायकाला शिंगं परत लावा, फार माणसासारखा दिसतो.

ताईने ती मोठ्याने वाचली आणि चित्रकाराला म्हणाली, "लाव बाबा. हात तेवढे आहेत तसेच ठेव."

शिंगं लागली. तरी खेळाडू नाचले नाहीत. प्यो अजून संचालकच आहे. पण ऑफिसच्या जेवणाला त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी असते, आणि कोळंबी तो आपली आपणच सोलून खातो.