दोर मेव्हण्याच्या हाती

दरवर्षी उन्हाळ्यात मी मोहालीच्या ऑफिसातून सुट्टी काढतो आणि साताऱ्याकडच्या आमच्या डोंगरात दोर धरायला जातो. हे कारण ऐकून आमचा टीम लीड दरवेळी डोळे विस्फारतो. "यार, शहद दुकान में नहीं मिलता क्या?" मिळतो की. पण कड्यावरच्या आग्या माशांचा मध काढायला माझे दाजी दोराला लोंबकळतात, आणि आमच्याकडे तो दोर बायकोच्या भावानंच धरायचा असतो. कारण सरळ आहे. बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो हात ढिला सोडत नाही.

या कामात मी पटाईत आहे, उगाच नम्रपणा कशाला! दोराला झाडाचा वेढा असतो, वजन झाड घेतं. पण केव्हा सैल सोडायचा नि केव्हा आवळायचा, ते हाताला कळावं लागतं. खाली दाजी पोळ्याला धूर देतात, मधाचा भाग कापतात, पिल्लांचा तसाच ठेवतात. तोवर वर मी श्वाससुद्धा बेतानं घेतो.

यंदा नेमका निघायच्या तोंडावर सोसायटीत बॅडमिंटन खेळताना आपटलो. सेक्टर ३२च्या सरकारी दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. बाहेर आल्या आल्या ताईला फोन केला. "दाजींना सांग, यंदा राहू दे."

"पोळी भरलीत. पावसाआधी काढायलाच हवीत," ताई म्हणाली. "शेजारचे धरतो म्हणतायत."

"शेजाऱ्यांची बहीण दिलीय का दाजींना?" मी भडकलोच.

ती म्हणाली, "माझ्या कुंकवाची काळजी तुला जास्त की मला? मीच धरते."

"अगं, बायका कड्यावर जात नाहीत."

"उद्या एक जाईल."

दुसऱ्या दिवशी कड्यावर तिनं फोन स्पीकरवर टाकून शेजारच्या दगडावर ठेवला. मी इथे बाल्कनीत, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलो आणि सूचना सुरू केल्या. "आवळून धर. घाई करू नकोस. पाय रोव."

"तू गप्प बस बघू! मला त्यांची हाक ऐकू येत नाहीये."

मी गप्प बसलो. फोनमधून माशांची घोंघों आणि मधूनच खालून दाजींची हाक येत होती. खाली पार्किंगमध्ये कुणी गाडी धूत होतं, त्याचाही मला राग आला. इतका घाबरलो होतो मी. स्वतः दोर धरताना असं कधी झालं नव्हतं.

अखेर फोनवर दाजींची धाप ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला. "पाव्हणं, हात कसा हाय?"

"बरा होतोय. पुढच्या वर्षी येतोच," मी ठासून सांगितलं.

"या की," दाजी म्हणाले. "पर मध खायला या. दोर आता ही काय सोडत न्हाई."