सातवा दिवस फुर्तादोंचा

पाश्कोल फुर्तादोला कोणी ‘आता आराम करा’ म्हटलं की त्याचे कान लाल होतात. मला हे पक्कं माहीत आहे, कारण त्याच्या आणि माझ्या घरामध्ये एक अरुंद पाणंद तेवढी आहे, आणि त्याचे कान माझ्या ओसरीवरून दिसतात. एकतीस वर्षं तो बोटीवर आचारी होता. दोन-दोनशे माणसांचं जेवण हलत्या जमिनीवर उभं राहून रांधलेला माणूस तो. त्याची बायको एस्कोलास्तिका, सगळ्या वाड्याची एस्कू, सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि आजही कोणाचं इंजेक्शन असलं की डॉक्टरआधी तिला हाक जाते. दोघांनी सत्तरी कधीच ओलांडली. म्हणून काय त्यांना जिवंतपणी पुसून टाकायचं?

मी रागावून लिहिते आहे हे कबूल करते. राग गेल्यावर लिहिलं असतं तर नीट लिहिलं असतं, पण मग लिहिलंच नसतं.

आमच्या वाड्याच्या तिठ्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, आहे. मेच्या तीन तारखेला त्याचा वार्षिक सण, फेस्त, आणि त्याआधी नऊ दिवस रोज संध्याकाळी सात वाजता तिथे लदीन, म्हणजे उभ्याने गायची प्रार्थना. एकेक दिवस एकेका घराचा. ज्याचा दिवस, त्याने खुरीस फुलांनी सजवायचा, मेणबत्त्या लावायच्या, आणि गाणं झालं की जमलेल्यांना खोबऱ्याचे काप घातलेले उकडलेले चणे आणि ज्याला चालते त्याला फेणीचा छोटा पेला द्यायचा. मी देवळात जाणारी बाई, पण माझ्या सासूबाईंचा नवस होता म्हणून नऊही दिवस अबोलीची वेणी माझ्याकडून जाते. त्या गेल्या, वेणी चालू आहे. आणि सातवा दिवस फुर्तादोंचा. पाश्कोलच्या आजापासून.

यंदा एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी पाश्कोल पाणंद ओलांडून आला तो हातात कागद घेऊन. खुरसाजवळच्या फलकावर लावलेली लदीनीच्या दिवसांची यादी त्याने टाचण्यांसकट उपटून आणली होती.

“कुमुदबाय, वाच जरा,” तो म्हणाला. “माझा चष्मा जुना झालाय. चूक त्याची असली तर बरं.”

चूक चष्म्याची नव्हती. सातव्या दिवसासमोर ‘वाड्याचे तरुण मंडळ’ असं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्या घरांची पुढची पिढी गावात राहत नाही, त्यांच्यावरचा भार कमी करायचं समितीने ठरवलं आहे. आणि त्याखाली, ज्येष्ठांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवण्यात येतील.

तोवर एस्कू मागोमाग आलीच होती, हाताला पीठ तसंच.

“भार?” ती म्हणाली. “मी कधी कोणाजवळ रडले का? चणे मी भिजत घालते, नारळ हा फोडतो. पन्नास वर्षांत एकदा मीठ जास्त पडलं होतं, तेही माझी सासू वारली त्या वर्षी. आणि खुर्ची देतात म्हणे. खुर्चीवर बसून लदीन गातात का कोणी?”

पाश्कोलचे कान काय ते बोलत होते.

त्यांना एकच मुलगी, मार्लेट. ती नवऱ्यासोबत इंग्लंडात स्विंडनला, तिथेच ऐडन आणि झेल्मा जन्मले. दर दोन-तीन वर्षांनी ऑगस्टात पंधरा दिवस येतात, धो धो पावसात, आणि त्यातले चार दिवस पोट बिघडण्यात जातात. ऐडन सहा वर्षांचा असताना पाश्कोलने त्याच्यासाठी सायकल घेतली. तो पुढच्या वेळी आला तोवर पाय इतके लांब झालेले की गुडघे हँडलला लागायला लागले. पाश्कोलने मोठी घेतली. तीही तशीच लहान झाली. आता तिसरी आहे, गोणपाटात गुंडाळलेली, आणि ऐडन तेरा वर्षांचा. “तो येईपर्यंत वेळ थांबत नाही,” एवढंच पाश्कोल म्हणतो आणि चाकात हवा भरून ठेवतो.

त्या रविवारी मार्लेटचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. एस्कूने लाज सोडून विचारलं, “पोरांना घेऊन यंदा एप्रिलअखेर येशील? चारच दिवस. खुरसापाशी उभी राहू देत फक्त, लोकांना दिसू देत.”

“ममा, परीक्षा आहेत गं,” मार्लेट म्हणाली. “आणि बरं झालं की. किती दगदग होते तुम्हाला. दुसरं कोणी करतंय तर करू देत.”

मागून झेल्माने विचारलं, ते आजोबा उभे राहून गातात तेच का? तिला ‘हो’ सांगून एस्कूने फोन ठेवला. मुलीवर ती रागावली नाही. मी रागावले. आईबाप काय मागताहेत हे जिला कळत नाही, तिला रोज फोटो पाठवून काय उपयोग, असं मला वाटलं, आणि मी ते बोललेही. एस्कूने मला चहा पुढे केला. गप्प बस, असा त्याचा अर्थ.

पण खरी आग वेगळीकडे होती. समितीचा अध्यक्ष दामियांव. पाश्कोलचा दामियांव. दोघं पहिलीपासून एका बाकावर, आणि एकाच म्हाताऱ्या मेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या गाण्याच्या मास्तराच्या, हातच्या छड्या खाऊन लदीन शिकले. पाश्कोल पहिला सूर, दामियांव दुसरा. पाश्कोल बोटीवरून सुट्टीवर यायचा तोच मुळी एप्रिलमध्ये. दामियांवची बायको गेली तेव्हा तो सहा महिने दोन्ही वेळ फुर्तादोंकडे जेवला. आजही पाच वाजले की त्याची काठी अंगणात वाजते. नर्सच्या घरात मधुमेहाच्या माणसाला चहात चमचाभर साखर मिळायची, ती त्याला एकट्याला.

त्या रविवारी संध्याकाळी मिळाली नाही. मी तिथेच बसले होते.

“कडू आहे,” दामियांव म्हणाला.

“भार कमी केलाय,” एस्कू म्हणाली.

त्याने कप खाली ठेवला. “पोरांनी ठरवलं, एस्कू. ब्रूनोने आणि त्याच्या दोस्तांनी. तुमच्या बऱ्यासाठीच.” ब्रूनो त्याचा मुलगा, चाळिशीचा, समितीचा सेक्रेटरी.

“तू अध्यक्ष ना?” पाश्कोलने विचारलं. “की तुला पण खुर्चीच दिलीय?”

दामियांवने इकडे तिकडे बघितलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. “मी कुमुदबायला विचारलं होतं. तिलाही पटलं होतं.”

धरणी दुभंगली असती तर मी त्यात उडी टाकली असती. खरं होतं ते. महिन्याभरापूर्वी मासळीवालीपाशी त्याने सहज विचारलं होतं, यंदा पाश्कोलला त्रास नको द्यायला, काय? आणि मी बांगडे बघता बघता म्हणाले होते, बरंच होईल, एस्कूचे गुडघे बघवत नाहीत. बांगडे ताजे होते, माझं लक्ष तिकडे होतं. एवढ्या सहज मी शेजारणीचा दिवस देऊन टाकला.

एस्कू माझ्याकडे वळली. “माझे गुडघे माझ्या फ्रॉकखाली असतात. तुला गं कुठून दिसले?”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.

लदीन सुरू झाली तरी पाश्कोल सहा दिवस गेला. खुरसाशी माझं भांडण नाही, म्हणाला. उभा राहिला, गायला, कोणाशी न बोलता घरी आला. सातव्या दिवशी मात्र म्हणाला, “आज नाही. माझ्या घराचा दिवस दुसऱ्याच्या हातून बघायला मी जाणार नाही. हवं असेल तर बोलवायला येतील.”

आणि येतील याची त्याला खात्री होती, मलाही. पहिला सूर लागल्याशिवाय लदीन सुरू होत नाही, आणि वाड्यात पहिला सूर दुसऱ्या कोणाकडे नाही. साडेसहालाच त्याने पांढरा शर्ट घातला, बूट पुसले आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसला. एस्कूने चणे शिजवलेच होते. कोणासाठी, ते मी विचारलं नाही. मी माझी वेणी देऊन परत आले होते, तिच्या पायरीवर बसले.

सात वाजले. घंटा वाजली. पाणंदीतून कोणी आलं नाही.

आणि मग लदीन सुरू झाली. पहिला सूर, स्वच्छ, भरदार, पाश्कोलचा. त्याच्यामागून दामियांवचा दुसरा. मी पाश्कोलकडे बघितलं. खरं सांगते, त्याचं तोंड मिटलेलं आहे ना याची मी खात्री करून घेतली.

कर्ण्यातून येत होता तो आवाज. गेल्या वर्षी मंडळातल्या एकाने दोघांसमोर फोन धरला होता, आठवण म्हणून ठेवतो म्हणाला होता. दोघं बिचारे कॉलर नीट करून नेहमीपेक्षा मन लावून गायले होते. त्याचा हा उपयोग.

पाश्कोल दोन ओळी ऐकत राहिला. “बरा गातो की मी,” तो म्हणाला, आणि बुटाची नाडी सोडायला वाकला.

ते बघून एस्कू उठली. घरातल्या सपाता पायात, ॲप्रन तसाच, ती पाणंदीतून तिठ्याकडे निघाली. ज्या गुडघ्यांची मला एवढी काळजी होती, त्यांच्यामागे मला धावावं लागलं.

खुरसापाशी तीस-चाळीस माणसं होती. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या. कर्ण्याच्या बाजूला दामियांव पुस्तक उघडून उभा, तोंड बंद, आणि कानाशी त्याचाच आवाज चाललेला. एस्कूने कर्ण्याची वायर धरली आणि ओढली.

“ज्याचा गळा तुम्ही या डब्यात भरलाय,” ती म्हणाली, “तो माणूस शंभर पावलांवर धुतलेला शर्ट घालून बसलाय. मेल्यावर लावा हे. तोवर त्याला बोलवायला पाय झिजतात का तुमचे?”

ब्रूनो पुढे आला. “आंटी, अंकलना त्रास नको म्हणून...”

“त्रास होतो असं तो म्हणाला? कधी? कोणाला?” तिने त्याला सोडलं आणि दामियांवला धरलं. “आणि तू रे? सहा महिने माझ्या हातचं जेवलास. इथे उभा राहून ऐकतोयस? लाज नाही वाटली?”

दामियांवने पुस्तक मिटलं. तो बोलला ते इतकं हळू की मागच्यांना ऐकूच गेलं नसेल.

“वाटली. एस्कू, यादीत पहिल्या दिवशी कोणाचं नाव होतं ते बघितलंस?”

कोणीच बघितलं नव्हतं. पहिला दिवस दामियांवच्या घराचा. तो होऊनही गेला होता, चणे आम्ही खाल्ले होते.

“ब्रूनोचं होतं. मला कोणी विचारलं नाही. तुमच्यासारखंच मलाही कागदावर कळलं. म्हटलं, आपलं गेलंय हे कोणाच्या ध्यानात नाही आलं तर बरं. तुम्हाला कसं सांगू?”

माझा दामियांववरचा सगळा राग तिथल्या तिथे जागा बदलून बसला. पाश्कोल कधी येऊन मागे उभा राहिला होता कोणास ठाऊक. एका बुटाची नाडी सुटलेलीच होती. तो दामियांवच्या डाव्या बाजूला, आपल्या जागेवर गेला, खाकरला आणि सूर लावला. दामियांव एक ओळ उशिरा आला. दोघं गेल्या वर्षीपेक्षा वाईट गायले, खोटं कशाला सांगू. एका जागी पाश्कोलचा श्वास पुरला नाही, तिथे दामियांवने एकट्याने ओढून नेलं. पण खुर्च्यांवर कोणी बसलं नाही.

मी जाऊन चण्यांचं भांडं घेऊन आले. मंडळाने वेफर्सची पाकिटं आणली होती, ती तशीच राहिली.

ज्याचा दिवस, त्याने पुढच्या वर्षीसाठी नाव त्याच संध्याकाळी द्यायचं, अशी रीत आहे. एस्कू चणे वाढायची थांबली. “ब्रूनो, कागद काढ. सातवा दिवस, पाश्कोल फुर्तादो. तो नसला तर एस्कोलास्तिका फुर्तादो.”

“आणि आंटी, दोघंही नसलात तर?” त्याने उद्धटपणे नाही विचारलं. त्याला खरंच लिहायचं होतं.

“तर मग तुला हवं ते लिही. तेव्हा काही मी भांडायला येणार नाही.”

त्याने लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

“पुता,” दामियांव म्हणाला. “पहिला दिवस. त्यावर माझं नाव लिही.”

“पपा, घर एकच आहे ना आपलं?”

“घर एकच आहे. नाव माझं लिही.”

शहात्तर वर्षांचा माणूस सगळ्या वाड्यासमोर पोटच्या पोराकडे आपलं नाव मागत उभा होता, आणि ब्रूनोने टोपण पुन्हा काढेपर्यंत आमच्यापैकी कोणी चण्यांना हात लावला नाही.