ओहोटीला निघणारी गाडी

हसनभाईंच्या गाडीचे किस्से म्हणजे वाळू. कितीही झटका, कुठून तरी निघतेच! परवा दुबईच्या करामा भागात आम्ही जुने दोस्त चहाला जमलो होतो. कुणीतरी शारजाच्या वेशीवरच्या अल नहदाच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या आणि मी म्हणालो, "अरे, त्या वाटेवर आमच्या हसनभाईंनी..." झालं! चहा तिथेच गार झाला.

साठच्या दशकातली गोष्ट. दुबई-शारजाच्या मध्ये तेव्हा रस्ताच नव्हता, नुसती वाळू. दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत आम्ही चार-पाच जण रत्नागिरीकडचे. हसनभाई आमचे हेडक्लार्क. एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना आपली लाल स्पोर्ट्स कार त्यांच्या हवाली करून गेला. दोन सीट, पोट जमिनीला टेकलेलं आणि सगळा जोर मागच्या चाकांना. लोकांच्या जीपा रुतायच्या, तिथे ही!

"मी बर्फात कित्येक हिवाळे चालवलीय," साहेब म्हणाला होता. "वाळूचं काय घेऊन बसलास?"

हसनभाईंनी ते मनावर घेतलं.

*

साहेबाच्या देशात म्हणे मागची चाकं बर्फात घसरू नयेत म्हणून डिकीत वाळूच्या गोणी ठेवतात. झालं, एका शुक्रवारी हसनभाई फावडं घेऊन गोणी भरायला बसले! शेजारचा म्हातारा अरब बराच वेळ बघत उभा होता. शेवटी त्याला राहवेना.

"रफीक," म्हणजे दोस्ता, तो म्हणाला, "ये रेती हिंदुस्तान में नहीं मिलता?"

*

पुढे गोणी फाटल्या आणि त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली. मी तेव्हाही अंगानं भरलेला. "जाड्या, डिकीवर बस. चाकांना वजन हवंय!" उन्हात तो पत्रा असा तापायचा की विचारू नका.

एकदा मी वैतागून म्हणालो, "हसनभाई, मी बी.कॉम. आहे हो!"

"म्हणून तर वर बसवतो," ते म्हणाले. "नाहीतर आत भरला असता!"

*

सुकी वाळू गाडी गिळायची, मग हसनभाई "ढकला!" म्हणून ओरडायचे. पण ओहोटी लागली की किनाऱ्याची ओली वाळू कडक होते, हे हसनभाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे अब्बा जयगडकडचे तांडेल, म्हणजे गलबताचे कप्तान. त्यामुळे शारजाचं काम निघालं की हसनभाई आधी समुद्र बघायचे.

"लंच तक लौटोगे?" आमचे सिंधी मॅनेजर विचारायचे.

"पानी उतरेगा तब, साब. इन्शाल्ला."

"ऑफिस घड़ी से चलता है, हसन!"

"घड़ी आगे-पीछे होती है, साब. समंदर नहीं."

महिन्याभरात मॅनेजर रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी विचारू लागले, "आज पानी कैसा है?"

*

मग एक दिवस आगबोटीनं आलेल्या गाववाल्यानं अब्बांचा निरोप आणला. ढकलावी लागणाऱ्या गाडीची कीर्ती जयगडपर्यंत पोचली होती!

"मी येतोय," अब्बांनी कळवलं होतं. "बंदरावरून मला शारजाला तुझ्या बहिणीच्या घरी ने. वाटेत एकदा जरी 'ढकला' म्हणालास, तर दुसऱ्या दिवशी ती गाडी कुणालातरी देऊन टाकायची."

हसनभाईंनी 'कबूल' म्हणून उलट निरोप धाडला. दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे तो. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एकटा जीव, त्या गाडीवर त्यांची माया होती. आम्हालाही वाईट वाटलं.

*

तेव्हापासून ते आणखी जपून चालवू लागले. "ब्रेकला हात नाही, पाय नाही. थांबला तो रुतला!" हा त्यांचा मंत्र. त्यातून हिवाळा. दोन सरी पडल्या की आतल्या बाजूची खारट जमीन लोण्यासारखी व्हायची.

अशाच एका दिवशी वाटेत एका अरबाची जीप दारापर्यंत रुतलेली दिसली. तसंच पुढे जाणं हसनभाईंना जमेना आणि थांबणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी जीपभोवती गोल चक्कर मारायला सुरुवात केली!

"सलाम आलेकुम!" पहिली चक्कर.

"मदद चाहिए?" दुसरी.

"रुक नहीं सकता, हबीबी! आदमी भेजता हूं!" तिसरी.

तो बिचारा मान फिरवून फिरवून "शुक्रन" म्हणत होता. मी डिकीवरून त्याला हात केला. माणसांच्या जीपला वाट दाखवत आम्ही परत आलो, हे वेगळं सांगायला नको. आणि परत आल्यावरही आम्ही चकरा मारत राहिलो!

*

अब्बा आले. पांढरी दाढी, ताठ कणा. गाडीभोवती फिरून म्हणाले, "हिला उंचीच नाय रे!" आणि आत बसले. मी डिकीवर. रात्री पाऊस झाला होता, त्यामुळे आतली वाट खलास. ओहोटीच्या पट्टीवरून आम्ही निघालो. अशी सुरेख चालवली हसनभाईंनी की अब्बा गालात हसायला लागले.

अर्ध्या वाटेत अब्बा म्हणाले, "थांब. अस्रची वेळ झाली."

हसनभाईंचा चेहरा पडला. पण बाप नमाजासाठी थांब म्हणतोय! जन्मात पहिल्यांदा त्यांनी त्या वाळूत ब्रेक दाबला.

नमाज होईपर्यंत मागची चाकं निम्मी आत गेली होती. भरती सुरू झाली होती. हसनभाई स्टिअरिंग धरून बसले. ओठ घट्ट मिटलेले. पाणी टायरला लागलं, तरी तो शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. मला राहवेना, मी उतरायला लागलो.

"तू बस! वजन हवं," अब्बा ओरडले. लुंगी खोचली, खांदा लावला आणि गलबत लोटणाऱ्या त्या माणसानं एकट्यानं गाडी बाहेर काढली!

शारजाला बहीण दारात उभी होती. अब्बांच्या दाढीपर्यंत चिखल. हसनभाईंनी उतरून किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"हरलो, अब्बा."

"तू 'ढकला' म्हणालास?"

"नाय."

"मग? मी आपल्या हौसेनं ढकलली." अब्बांनी किल्ली परत लेकाच्या खिशात टाकली आणि समुद्राकडे बघत विचारलं, "इथं उद्याची ओहोटी कधीची रे?"